खोल किनारी वाळूतलं पाणी: रसायन आणि वय कसं वाचायचं

बांगलादेशातल्या खुलना, सातखिरा भागात किंवा पश्चिम बंगालच्या दक्षिण २४ परगण्यात वीस-तीस मीटरवर पाणी लागतं, पण ते पुष्कळदा मचूळ असतं, नाहीतर त्यात आर्सेनिक असतं. त्याच अंगणात अडीचशे मीटरपर्यंत नळी उतरवली तर गोडं पाणी वर येतं. वर खारं आणि खाली गोडं, तेही समुद्राच्या इतक्या जवळ. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि बांगलादेशचा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग यांनी ३,५३४ विहिरी तपासून २००१ साली अहवाल काढला. दीडशे मीटरपेक्षा उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. त्याखालच्या विहिरींत हेच प्रमाण सुमारे एक टक्का होतं. तेव्हापासून खोल कूपनलिका म्हणजे सुरक्षित पाणी हे समीकरण रूढ झालं आणि लाखो माणसं त्यावर विसंबून आहेत.

हे खालचं पाणी कधीचं आहे, ते गोडं का राहिलं, आणि उपसा वाढला तर वरचं पाणी खाली उतरेल का, हे तीन प्रश्न त्या माणसांच्या जिवाशी जोडलेले आहेत. त्यांची उत्तरं पाण्याच्या नमुन्यातून काढता येतात. भूशास्त्राचे विद्यार्थी, पाणीपुरवठ्यातले अभियंते आणि पाण्यावर काम करणाऱ्या संस्थांमधले कार्यकर्ते यांना हे काम स्वतः करता यावं, किमान दुसऱ्याचा अहवाल पारखता यावा, म्हणून ही कृती लिहिली आहे. माझा आग्रह एकच: आधी रसायन, मग वय. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं ‘बारा हजार वर्षं’ असं उत्तर ऐकायला भारदस्त वाटतं, पण रसायनाची साथ नसेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

१. आधी थरांचा इतिहास

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. बंगालच्या नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. दऱ्यांमधली उंच जमीन हजारो वर्षं उघडी राहिली, तिच्यातल्या लोहखनिजांना गंज चढला, वाळू तपकिरी झाली आणि वर चिकणमातीचा घट्ट थर तयार झाला. समुद्र दूर आणि खाली गेल्यामुळे भूजलाला समुद्राकडे चांगला उतार मिळाला. पावसाच्या पाण्याने वाळूतलं जुनं खारं पाणी खोलवर ढकलून काढलं. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर चढला, दऱ्या गाळाने भरल्या. या नव्या गाळात करडी वाळू, चिकणमाती आणि कुजक्या वनस्पतींचे काळे थर आले.

आर्सेनिकचं कोडंही इथेच सुटतं. तपकिरी वाळूवरचा गंज आर्सेनिकला धरून ठेवतो. करड्या वाळूत कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू तो गंज विरघळवतात आणि धरलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं.

म्हणून बाटल्या घेऊन निघण्याआधी, ज्याने विहीर खोदली त्याला गाठा. किती फुटांवर काळी माती लागली, वाळू कुठे तांबूस झाली, खोदताना ओतलेलं पाणी कधी जमिनीत हरपलं, हे त्याच्या लक्षात असतं. बंगालमधले खोदकाम करणारे कारागीर वाळूच्या रंगावरून पाण्याची जात सांगतात आणि संशोधकांनी तपासलं तेव्हा त्यांचं म्हणणं पुष्कळ अंशी खरं निघालं. रंग हा मात्र इशारा समजावा. खूप खोलवर करडी वाळू असूनही आर्सेनिक कमी असलेल्या विहिरी आहेत.

२. विहीर निवडताना

किमान तीन गोष्टी लेखी मिळवा: एकूण खोली, चाळणी पाईप (पाणी आत घेणारा भोकांचा भाग) कुठून कुठपर्यंत आहे, आणि केसिंगच्या, म्हणजे विहिरीच्या बंद पाईपच्या, बाहेरची पोकळी चिकणमातीने किंवा सिमेंटने बंद केली आहे का. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी केलेली नसते. अशा विहिरीत वरचं पाणी पाईपच्या कडेने खाली झिरपतं आणि आपण ‘खोल जलधरात (पाणी धरणाऱ्या थरात) नवं पाणी पोचलं’ असा चुकीचा निष्कर्ष काढतो. चाळणी पाईप जितका लांब, तितक्या वेगवेगळ्या वयांच्या पाण्याची खिचडी. सहा मीटरची चाळणी असलेली विहीर साठ मीटरच्या चाळणीपेक्षा कितीतरी अधिक सांगते.

विहिरी विखुरलेल्या न घेता प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे आतल्या भागाकडून किनाऱ्याकडे, एका रेषेत घ्या. शक्य तिथे एकाच जागची उथळ आणि खोल अशी जोडी घ्या. दहा सुट्या विहिरींपेक्षा चार जोड्या बऱ्या.

३. नमुना: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

पाईपात साचलेलं पाणी आधी काढून टाकायचं, साधारण पाईपच्या घनफळाच्या तिप्पट. हातपंपाची ३८ मिलिमीटरची, अडीचशे मीटर खोल नळी असेल तर तिच्यात सुमारे २८५ लिटर पाणी मावतं, तिप्पट म्हणजे ८५० लिटर. मिनिटाला वीस लिटर पडत असतील तर पाऊण तास हापसावं लागेल. नगरपालिकेच्या दहा सेंटिमीटर व्यासाच्या, दोनशे मीटर खोल विहिरीत हाच हिशोब ४,७०० लिटरवर जातो, पण तिथे विजेचा पंप असतो. नुसत्या लिटरवर थांबू नका. तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता दर पाच मिनिटांनी मोजा. तिन्ही स्थिरावले की नमुना घ्या. तापमान आणखी एक गोष्ट सांगतं. खोलीबरोबर ते दर शंभर मीटरला साधारण दोन-तीन अंश सेल्सिअसने वाढतं. अडीचशे मीटरच्या म्हणवल्या जाणाऱ्या विहिरीतून शेजारच्या उथळ विहिरीइतकंच थंड पाणी येत असेल, तर केसिंग मध्येच फुटलेलं आहे का ते पाहा.

पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि अल्कलिनिटी (आम्ल शोषण्याची क्षमता, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) जागेवरच मोजायची. अल्कलिनिटीसाठी आम्लाचं छोटं टायट्रेशन किट पुरतं. बाटली गाडीत दोन दिवस हिंदकळली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कॅल्शियम तळाला बसतं आणि आकडा बदलतो.

मग बाटल्या. धातू आणि धन आयनांसाठीचं (आयन म्हणजे विरघळलेले विद्युतभारित कण) पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात लगेच शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाका, पीएच दोनच्या खाली यायला हवा. इथे ‘लगेच’ला महत्त्व आहे. खोल पाण्यातलं लोह हवा लागताच तांबूस गाळ होऊन बसतं आणि आर्सेनिकला सोबत नेतं. उशिरा गाळलेल्या पाण्यात आर्सेनिक कमी दिसतं आणि गावाला खोटा दिलासा मिळतो. ऋण आयनांची बाटली वेगळी, गाळलेली पण आम्लाविना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपं) छोटी बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा. ट्रिटियमला (तो काय ते पाचव्या टप्प्यात) एक लिटर.

कार्बन-१४ ची बाटली काचेची. नळी तळाशी धरून पाणी बराच वेळ ओसंडू द्या, हवेचा बुडबुडा न ठेवता बूच लावा. पूर्वी शंभर-दोनशे लिटर पाण्यातला कार्बन बेरियम क्लोराइड घालून खाली बसवावा लागे, आणि त्या खटाटोपात हवेतला ताजा कार्बन मिसळण्याची भीती असे. आता अणू थेट मोजणाऱ्या प्रवेगक यंत्राला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. लिटरला ३६६ मिलिग्रॅम बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात ७२ मिलिग्रॅम कार्बन असतो, तेव्हा एक लिटर भरपूर झालं.

४. प्रयोगशाळेचा कागद आल्यावर

पहिल्यांदा धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद जुळतो का ते बघा; दोन्ही बाजूंचा विद्युतभार सारखा असायला हवा. मिलिग्रॅमचा आकडा सोडियमसाठी २३ ने, कॅल्शियमसाठी २० ने, मॅग्नेशियमसाठी १२.२ ने, पोटॅशियमसाठी ३९ ने, बायकार्बोनेटसाठी ६१ ने, क्लोराइडसाठी ३५.५ ने आणि सल्फेटसाठी ४८ ने भागला की मिलिसममूल्यांक, म्हणजे विद्युतभाराच्या हिशोबातली मात्रा, मिळतात. समजा एका कल्पित खोल विहिरीत सोडियम १३८, कॅल्शियम १६, मॅग्नेशियम ७.३ आणि पोटॅशियम ३.९ मिलिग्रॅम आहे. धन बाजू ६.० + ०.८ + ०.६ + ०.१, म्हणजे ७.५. दुसरीकडे बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड ४६, सल्फेट १; ऋण बाजू ७.३२. फरकाला बेरजेने भागलं की चूक १.२ टक्के येते. पाच टक्क्यांपर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर समस्थानिकांवर पैसे घालण्याआधी प्रयोगशाळेला परत विचारा.

आता या पाण्याची जात पाहू. सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम आणि क्लोराइड थोडं. समुद्राच्या पाण्यात सोडियमचं क्लोराइडशी रेणुसंख्येतलं प्रमाण ०.८६ असतं, इथे ते ४.६ आहे. हा जादा सोडियम मिठातून आलेला नाही. समुद्र होता तेव्हा मातीच्या कणांवर सोडियम चिकटला होता. नंतर पावसाचं, कॅल्शियम घेऊन आलेलं पाणी वाहू लागलं, कणांनी कॅल्शियम धरलं आणि सोडियम सोडला. सोडियम-बायकार्बोनेट जातीचं पाणी म्हणजे खारा थर गोड्या पाण्याने धुऊन निघत असल्याची खूण. उलट समुद्र आत शिरू लागला की कण सोडियम धरतात, कॅल्शियम सोडतात, हे प्रमाण ०.८६ च्या खाली जातं आणि पाण्यात कॅल्शियम-क्लोराइड वाढतं. क्लोराइड अजून पिण्याच्या मर्यादेत असतानाच हा बदल दिसू शकतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही पाणीयोजनेने हे प्रमाण दर सहा महिन्यांनी काढायला हवं असं मला मनापासून वाटतं. खर्च नगण्य आहे.

मीठ किती आणि कुठलं, हे क्लोराइड आणि ब्रोमाइड मिळून सांगतात. समुद्रात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे एक टक्का समुद्र मिसळला तरी १९० मिलिग्रॅमची भर पडते. समुद्री मिठात क्लोराइडचं ब्रोमाइडशी वजनी प्रमाण २९० च्या आसपास असतं. सांडपाण्यात ते बरंच जास्त येतं, कारण जेवणातल्या मिठात ब्रोमाइड फारसं उरत नाही. हीच चाचणी आपल्याकडे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातही उपयोगी आहे. तिथे पूर्णा नदीचा जाड गाळ आहे आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मीठ कुठून आलं हा प्रश्न मात्र तोच. कोकण किनाऱ्यावर बेसाल्ट, जांभा आणि त्यावर वाळूचा पातळ पट्टा असल्यामुळे बंगालसारखा खोल वाळूचा जलधर नाही, पण खाडीकाठच्या विहिरींना सोडियम-क्लोराइडचं प्रमाण तितकंच लागू पडतं.

याच टप्प्यावर आरोग्याचे आकडेही तपासा. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशाची ५०. मँगेनीज आणि बोरॉन वेगळे मागवा. कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात फ्लोराइड वाढायला मोकळीक मिळते, तेही बघा. आणि शेतीसाठी विचारणा असेल तर मिलिसममूल्यांकांत बायकार्बोनेटमधून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वजा करा. आपल्या उदाहरणात ६.० वजा १.४, म्हणजे ४.६ उरतात, २.५ च्या वर गेलं की पाणी सिंचनाला अयोग्य, जमीन चोपण होते. चवीला गोडं असलेलं हे पाणी शेताला घालू नये.

५. ट्रिटियम: १९५० च्या दशकाच्या अलीकडचं की पलीकडचं

ट्रिटियम म्हणजे जड, किरणोत्सारी हायड्रोजन, अर्धायुष्य (निम्मा घटायला लागणारा काळ) १२.३ वर्षं. अणुचाचण्यांमुळे पावसातलं त्याचं प्रमाण वाढत जाऊन १९६३ च्या सुमारास कळसाला पोचलं. आज तो कळस विरून गेला आहे, पण एक साधा निवाडा अजून करता येतो. ट्रिटियम सापडला तर त्या पाण्यात १९५० च्या दशकानंतर पडलेल्या पावसाचा काही वाटा आहे. नाही सापडला तर तो वाटा नाही, किंवा प्रयोगशाळेला दिसत नाही इतका कमी आहे. म्हणून प्रयोगशाळेची मोजण्याची किमान मर्यादा आधी विचारा. विद्युत-विघटनाने नमुना घट्ट करून मोजणारी प्रयोगशाळाच या कामाची.

फ्रिजच्या वायूंवरून, म्हणजे सीएफसीवरून, वय काढण्याचा मोह इथे टाळा. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात जिवाणू ते वायू फोडतात आणि पाणी आहे त्यापेक्षा जुनं दिसतं.

६. कार्बन-१४ आणि त्याची दुरुस्ती

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकातच कार्बन-१४ मोजणारी प्रयोगशाळा चालू होती, त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. पाणी जमिनीत मुरलं की त्यातला कार्बन-१४ ठरावीक वेगाने घटत जातो: अर्धायुष्य ५,७३० वर्षं, पल्ला तीस-चाळीस हजार वर्षांपर्यंत. सूत्र सोपं आहे: सुरुवातीच्या प्रमाणाला आजच्या प्रमाणाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, ८,२६७ ने गुणा. नमुन्यात कार्बन-१४ आधुनिक प्रमाणाच्या २० टक्के उरला असेल आणि सुरुवात १०० धरली, तर उत्तर सुमारे १३,३०० वर्षं.

सुरुवात १०० धरायची का, हाच खरा वादाचा मुद्दा. पाण्यातला कार्बन मुळांच्या श्वासातून येतो, तसा शिंपल्यांच्या आणि चुन्याच्या कणांतूनही येतो. चुन्यातल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ संपलेला असतो. तो मिसळला की पाणी उगाच म्हातारं दिसतं. हा वाटा कार्बन-१३ या न घटणाऱ्या जड कार्बनवरून काढतात; त्याचं मूल्य ठरावीक मानकाच्या तुलनेत, दर हजारी फरकात देतात. तांदूळ आणि झाडांच्या मातीत मुरलेल्या पाण्यात कार्बन-१३ चं मूल्य साधारण उणे १६, समुद्री चुन्यात शून्य. नमुन्यात उणे १२ आलं तर तीन-चतुर्थांश कार्बन मातीचा. सुरुवात ७५ धरायची, मग वय १०,९०० वर्षं. एका दुरुस्तीने जवळजवळ अडीच हजार वर्षं कमी झाली. मातीवर ऊस, ज्वारी किंवा मक्यासारखी गवतं असतील तर उणे १६ हा आकडा चालत नाही, तो जागेनुसार ठरवावा लागतो.

त्रिभुज प्रदेशात याहून अवघड दोन सापळे आहेत आणि अहवालांत ते सहसा दुर्लक्षित राहतात. पहिला: थरात पुरलेल्या जुन्या वनस्पती कुजून कार्बन पाण्यात येतो. तो मृत (कार्बन-१४ संपलेला) किंवा म्हातारा असतो, पण त्याचं कार्बन-१३ जिवंत झाडांसारखंच असल्यामुळे वरची दुरुस्ती त्याला पकडत नाही. दुसरा: मिथेन तयार होताना हलका कार्बन वायूत जातो आणि पाण्यात जड कार्बन उरतो. ते मूल्य पाहून माणूस ‘चुना खूप विरघळला’ असं समजतो आणि पाण्याला आहे त्याहून तरुण ठरवतो. दोन्हींवर उपाय चौथ्या टप्प्यातल्या कागदात आहे. चुना खरंच विरघळला असेल तर तेवढा कॅल्शियम पाण्यात दिसायला हवा, किंवा अदलाबदलीत गेला असेल तर तेवढा जादा सोडियम. तो हिशोब न जुळता बायकार्बोनेट जास्त असेल, सल्फेट संपलेलं असेल, नळातून पाणी फसफसत येत असेल, तर मिथेन मोजून घ्या आणि वय एका आकड्यात न देता पट्ट्यात द्या.

७. मिश्रण ओळखणे

वय काढून झालं की ट्रिटियमचा आकडा शेजारी ठेवा. समजा जुन्या पाण्यात कार्बन-१४ आधुनिक प्रमाणाच्या ५ टक्के आहे, म्हणजे सुमारे २४,८०० वर्षं. त्यात दहा टक्के ताजं पाणी झिरपलं आणि दोन्हींत बायकार्बोनेट सारखंच असलं, तर मिश्रणात १४.५ टक्के कार्बन-१४ येतो आणि सूत्र १६,००० वर्षं सांगतं. असं सोळा हजार वर्षांचं पाणी त्या विहिरीत थेंबभरही नाही. पावसात चार एकक (ट्रिटियम युनिट) ट्रिटियम असेल तर मिश्रणात ०.४ एकक येईल, आणि एक एककापासून मोजणाऱ्या प्रयोगशाळेला ते दिसणारही नाही. म्हणून किमान मर्यादेची चौकशी आधी करायची.

जुना कार्बन आणि सोबत ट्रिटियम अशी जोडी दिसली की पहिला संशय केसिंगवर घ्या, दुसरा उपशावर. ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम (जड ऑक्सिजन आणि जड, न घटणारा हायड्रोजन) इथे मदत करतात: उथळ पाणी एका मूल्याचं, खोल पाणी दुसऱ्या, आणि नमुना दोघांच्या मध्ये पडत असेल तर मिश्रणाला आणखी एक साक्षीदार मिळाला. ट्रिटियम आणि कार्बन यांच्या मधल्या शतकांसाठी आरगॉन-३९ आहे, अर्धायुष्य सुमारे २७० वर्षं. कार्बनच्या पल्ल्यापलीकडे क्रिप्टॉन-८१, सुमारे २,३०,००० वर्षं. दोन्ही मोजणाऱ्या प्रयोगशाळा जगात मोजक्याच आहेत, तेव्हा सगळ्या विहिरींना नको, एखाद्या निवडक विहिरीला लावा.

८. वयावरून उपशाचा निर्णय

बंगालच्या खोल थरात काही हजार ते वीस हजार वर्षांच्या पल्ल्यातली वयं निघाली आहेत. याचा अर्थ समुद्र दूर असताना मुरलेलं पाणी अजून तिथे आहे आणि वरचं पाणी नैसर्गिक स्थितीत फार सावकाश खाली येतं. पाणी जुनं आहे म्हणून हातच लावू नका, असं त्यातून निघत नाही. हॉली मायकेल आणि क्लिफर्ड व्हॉस या भूजल-शास्त्रज्ञांनी २००८ साली संगणकीय प्रारूपावरून दाखवलं की घरगुती वापरापुरता खोल उपसा बहुतेक भागात दीर्घकाळ निभू शकतो. धोका आहे तो सिंचनाचे मोठे पंप त्याच खोलीवर नेण्यात, कारण त्यांच्या ओढीने आर्सेनिकयुक्त पाणी खाली सरकतं. खोल पाणी पिण्यासाठी राखून ठेवावं, शेतीला उथळ पाणी वापरावं, हा निर्णय वय आणि रसायन या दोन्हींवर उभा आहे. आणि पाचशे मीटर अंतरावर शहराचा मोठा पंप असेल तर निसर्गाने ठरवलेलं वय पुढच्या दहा वर्षांसाठी लागू राहीलच असं नाही.

अहवालात प्रत्येक विहिरीपुढे चाळणीची खोली, ताळेबंदातली चूक, सोडियम-क्लोराइड प्रमाण, आर्सेनिक, ट्रिटियम आणि त्याची किमान मर्यादा, कार्बनची मूळ टक्केवारी आणि दुरुस्तीनंतरचा वयाचा पट्टा असे रकाने ठेवा. मूळ टक्केवारी गाळू नका. दुरुस्तीच्या पद्धती बदलत जातात आणि वीस वर्षांनी कुणालातरी तोच आकडा नव्याने वापरायचा असतो. विद्युतवाहकता, सोडियम आणि क्लोराइड दर सहा महिन्यांनी, आर्सेनिक वर्षातून एकदा, ट्रिटियम पाच वर्षांनी पुन्हा मोजा. दरवेळी त्याच विहिरी घ्या, दरवर्षी त्याच ऋतूंत जा, आणि पहिल्यांदा जितकं पाणी उपसून टाकलं होतं तितकंच टाका.